म्हादईचा तंटा आणि सहावीच्या वर्गातील पाणी

पाण्याविषयीचे धोरण समजून घेण्यासाठी लागणारे शब्द गोव्यातील मुलांना नेमक्या कोणत्या वयात आणि कोणत्या भाषेत मिळतात, याचा विचार आता व्हायला हवा.

म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी तो केंद्र सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सुधारित अहवालांना मान्यता दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी ‘प्रवाह’ या प्राधिकरणास संमती दिली. या साऱ्या घडामोडींत टीएमसी, खोरे, पाणलोट, येवा, क्षारता हे शब्द गोव्याच्या सार्वजनिक जीवनात रुळले. विधानसभेत, ग्रामसभेत आणि बाजारातल्या गप्पांतही ते सहज ऐकू येतात. परंतु शब्द कानांवर पडणे वेगळे आणि त्याचा अर्थ कळणे वेगळे.

म्हादईवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना एक टीएमसी म्हणजे किती पाणी हे सांगता येईल? पाणलोट क्षेत्र आणि लाभक्षेत्र यांतला फरक किती लोकप्रतिनिधी न अडखळता समजावून देतील? हा प्रश्न कोणाला खजील करण्यासाठी विचारलेला नाही. या शब्दांची ओळख ज्या वयात व्हायला हवी, त्या वयात ती आपल्यापैकी बहुतेकांना झालीच नाही. पुढील ३०-४० वर्षे या राज्याच्या पाण्याचे निर्णय ज्यांना घ्यावे लागतील किंवा भोगावे लागतील, ती मुले आज सहावी, सातवी, आठवीच्या वर्गांत बसली आहेत. त्यांच्या बाबतीतही आपण तेच घडू देणार काय, हा खरा प्रश्न आहे.

माध्यम बदलते, तेथेच धागा तुटतो

गोव्यातील शिक्षणाची रचना पाहिली, तर ही अडचण ठळक दिसते. सरकारी प्राथमिक शाळांतील मूल चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकते. ‘परिसर अभ्यासा’त त्याला विहीर, ओढा, नदी, पाऊस, बाष्पीभवन हे शब्द भेटतात. पाचवीपासून बहुतांश विद्यार्थ्यांचे माध्यम इंग्रजी होते. नेमक्या याच टप्प्यावर विज्ञानातील पाणी ‘जलचक्रा’च्या चित्रातून बाहेर पडून भूजल, जलधर, पुनर्भरण, प्रदूषण, क्षारता अशा गहन संकल्पनांकडे वळते. म्हणजे संकल्पना अवघड होऊ लागते त्याच क्षणी भाषाही बदलते. मूल नवा इंग्रजी शब्द पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि गुणही मिळवते. परंतु तो शब्द त्याच्या घरामागच्या झरीशी, आजोबांच्या तोंडच्या ‘पोंय’शी किंवा गावाच्या ‘मानशी’शी जोडला जात नाही.

हा तुटलेला धागा पुढे कधीच जोडला जात नाही. शाळेतला शब्द उत्तरपत्रिकेत राहतो, गावातला शब्द आजोबांबरोबर जातो आणि धोरणाचा शब्द सरकारी कागदात पडून राहतो. पाणी एकच, पण तीन भाषांत तीन ठिकाणी विखुरलेले. मग एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी गावात होते, तेव्हा पर्यावरणीय परिणामांचा जाडजूड अहवाल टेबलावर असतो आणि ग्रामस्थांकडे केवळ भावना उरतात. भावना खऱ्या असतात, पण सुनावणीच्या इतिवृत्तात त्यांची नोंद ‘विरोध’ या एका शब्दापलीकडे जात नाही.

धरण, बंधारा, बांध

साध्या शब्दांपासून सुरुवात करू. ‘बांध’ हा शब्द घ्या. मराठीत बांध म्हणजे शेताच्या कडेची मातीची भिंत. गोव्याच्या खाजनात तो भरतीचे खारे पाणी अडवणारा तट. हिंदीच्या पुस्तकात मात्र हाच शब्द धरणासाठी येतो. तीन भाषा शिकणाऱ्या आपल्या मुलाला एकाच शब्दाचे हे वेगवेगळे अर्थ कोणी उलगडून सांगत नाही. मराठीत धरण, बंधारा आणि बांध यांच्यात स्पष्ट भेद आहे. धरण नदी अडवून मोठा साठा करते. बंधारा पात्रातच थोडे पाणी अडवतो आणि पूर आला की त्याच्यावरून पाणी वाहून जाते किंवा फळ्या काढून ते मोकळे केले जाते. बांध पाणी साठवण्याऐवजी बहुधा ते बाहेर ठेवण्याचे काम करतो. हे तीन शब्द नीट कळलेल्या मुलाला तीन वेगळी धोरणे कळण्याची निम्मी तयारी झालेली असते.

साळावली धरणावर सहलीला न गेलेला विद्यार्थी गोव्यात क्वचितच सापडेल. तेथील वर्तुळाकार सांडव्यातून कोसळणारे पाणी पाहून सारे हरखतात. परंतु ‘सांडवा’ हा शब्द घेऊन किती मुले घरी परततात? धरण भरल्यावर जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर सोडणारी वाट म्हणजे सांडवा. तो नसेल तर पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहून भिंतीलाच धोका पोहोचवील. त्याच साळावलीच्या जलाशयाखाली कुर्डी गाव गेले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्या गावाचे अवशेष उघडे पडतात आणि विस्थापित कुटुंबे आपल्या देवस्थानांकडे परततात. एका सहलीत तीन शब्द शिकवता येतात. ज्या डोंगरउतारांवरचा पाऊस या जलाशयात येतो ते पाणलोट क्षेत्र, जे गाव त्याच्या पोटात गेले ते बुडीत क्षेत्र आणि ज्या शेतांना व नळांना पाणी मिळते ते लाभक्षेत्र. पहिल्या क्षेत्रातले जंगल टिकले तर धरण टिकते, दुसऱ्यातल्या माणसांनी किंमत मोजलेली असते, तिसऱ्यातल्या माणसांना लाभ मिळतो. जलनीतीतील न्याय-अन्यायाचा गाभा या तीन शब्दांत सामावलेला आहे आणि तो समजायला सातवीचे वय पुरेसे आहे.

टीएमसीच्या पोटात काय आहे?

आता म्हादईकडे वळू. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. लवादाने म्हादई खोऱ्याचा वार्षिक येवा ७५ टक्के विश्वासार्हतेने १८८.०६ टीएमसी धरला. कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी वापरण्याची मुभा दिली. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी पाणी खोऱ्याबाहेर, मलप्रभेत वळवण्यासाठी आहे. त्यात कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८ टीएमसी आहे. त्याच वाट्यात ८.०२ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी आहे.

या एका परिच्छेदात आठवीच्या विद्यार्थ्यासाठी किमान चार धडे दडलेले आहेत. पहिला धडा ‘विश्वासार्हता’ या शब्दाचा. ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा म्हणजे शंभरपैकी ७५ वर्षांत किमान एवढे पाणी नदीला येईल असा हिशेब. उरलेल्या २५ वर्षांत ते त्याहून कमी असेल, हे त्या आकड्यातच लिहिलेले आहे. हवामान बदलत असताना भूतकाळातल्या पावसावर बेतलेला हा हिशेब भविष्यात कितपत टिकेल, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर त्याने विज्ञान आणि धोरण एकाच वेळी समजून घेतले असे म्हणता येईल.

दुसरा धडा ‘वापर’ या शब्दाचा. पिण्यासाठी किंवा शेतीसाठी घेतलेले पाणी बव्हंशी नदीत परतत नाही. वीजनिर्मितीचे पाणी चक्र फिरवून पुन्हा पात्रात येते, म्हणून लवादाच्या हिशेबात ते वेगळे धरले जाते. परंतु ते कोठे आणि कोणत्या वेळी परत येते, यावर खालच्या पट्ट्यातील नदीचे जीवन अवलंबून असते. ‘वापर’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला की वादात गोंधळ माजतो आणि १३.४२ व ३.९ हे आकडे आपापल्या सोयीने फेकले जातात.

तिसरा धडा प्रमाणाचा. ३.९ टीएमसी म्हणजे १८८.०६ टीएमसीच्या सुमारे दोन टक्के. ‘केवळ दोन टक्के’ असे एक बाजू म्हणते, तर ‘म्हादई आटणार’ असे दुसरी बाजू म्हणते. वर्षाची बेरीज दोन्ही बाजूंना अपुरी आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणून पाणी कोणत्या महिन्यात, नदीच्या कोणत्या ठिकाणाहून आणि किती काळ घेतले जाणार, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला अर्थ प्राप्त होत नाही. उगमाजवळच्या ओढ्याला जे दोन टक्के नसतात, ते मुखाजवळच्या नदीला असू शकतात. शेकडेवारी गणितात शिकलेल्या मुलाला ती येथे वापरून पाहता यावी.

चौथा धडा ‘जलविभाजका’चा आणि तो सर्वांत सुंदर आहे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी परिसरात मलप्रभा उगम पावते आणि कळसा नालाही तेथलाच. एका बाजूस पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातो. दुसऱ्या बाजूस पडलेला म्हादईतून अरबी समुद्राकडे येतो. या दोन वाटा वेगळ्या करणारी डोंगराची धार म्हणजे जलविभाजक. पाणी ‘वळवणे’ म्हणजे ही निसर्गाने आखलेली धार माणसाने ओलांडणे. नकाशावर बोट ठेवून हे दाखवले, तर आंतरखोरे स्थलांतर हा बोजड शब्दही मुलाला परका वाटणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. म्हादई खोऱ्याच्या २,०३२ चौरस किलोमीटरपैकी १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात आहेत. खानापूर तालुक्यात मराठी शाळा आहेत. उसगाव-सत्तरीतही मराठी घरे आहेत. पलीकडे दोडामार्गातही मराठीच बोलली जाते. तीन राज्यांची सरकारे न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभी असली, तरी एकाच नदीच्या काठावरची मुले एकाच भाषेत पाण्याविषयी विचार करू शकतात. समान शब्दसंपत्तीने तंटा मिटणार नाही. पण दोन्ही काठांवरच्या मुलांना निदान एकच प्रश्न विचारता येईल.

‘वाया जाणारे’ पाणी

जलविवादांत सर्वाधिक नुकसान एका वाक्प्रयोगाने केले आहे: समुद्रात ‘वाया जाणारे’ पाणी. हा शब्द एकदा स्वीकारला की, नदी अडवणे व वळवणे हे पुण्यकर्म ठरते आणि त्याला विरोध करणारा करंटा ठरतो. याचे उत्तर घोषणांपेक्षा विज्ञानाने चांगले देता येते.

मांडवीत भरतीचा प्रभाव गांजेपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात वरून येणारे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मुखाकडे रेटते. पाऊस थांबला, प्रवाह क्षीण झाला की खारे पाणी हळूहळू पात्रातून वर सरकते. म्हणजे समुद्राकडे जाणारे गोडे पाणी एक काम करीत असते. ते खाऱ्या पाण्याच्या सीमेवर पहारा देत असते. ते गाळ आणि पोषकद्रव्ये घेऊन येते, ज्यांवर खाडीतील मासे, शिंपल्या आणि खारफुटी जगतात. नदीला स्वतःचे जीवन चालवण्यासाठी लागणाऱ्या या पाण्याला ‘पर्यावरणीय प्रवाह’ म्हणतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-झुआरीच्या खाड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केलेला आहे. एवढी ज्ञानसंपदा दाराशी असताना आपल्या मुलांनी क्षारतेचा धडा परदेशी नदीच्या उदाहरणावरून शिकावा, यासारखा विरोधाभास नाही.

निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या प्राधिकरणाचे नाव इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘प्रवाह’ असे ठेवण्यात आले. नाव समर्पक आहे. आता सहावी-सातवीतील मुलाला प्रवाह आणि साठा यांतील भेद कळला पाहिजे. टाकीतले पाणी हा साठा, नळातून वाहणारे पाणी हा प्रवाह. नदीचे मोल तिच्या साठ्यात नसून सातत्याने वाहण्यात असते. हा भेद ज्याला कळला, तो ‘वाया जाणारे पाणी’ हा शब्द पुन्हा सहजासहजी उच्चारणार नाही.

खाजन: कायद्यात शिरलेला गावचा शब्द

पाण्याचे सारे शब्द बाहेरूनच आणावे लागतात, असा समज असेल तर ‘खाजन’ या शब्दाकडे पाहावे. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींचा उल्लेख याच नावाने आहे. त्या जमिनींचे रक्षण करावे, त्यांचा व्यवस्थापन आराखडा तयार करावा आणि तेथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असे त्या अधिसूचनेने म्हटले. दिल्लीत लिहिलेल्या दस्तऐवजात गोव्याच्या शेतकऱ्याचा शब्द भाषांतराविना आला, कारण त्या व्यवस्थेला अन्य नावच नव्हते.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. भरतीचे पाणी बांधाने रोखायचे, बांधात ‘मानस’ म्हणजे लाकडी झडपांचे दार बसवायचे, आत ‘पोंय’ म्हणजे पाण्याचा खोलगट पट्टा राखायचा आणि उरलेल्या जमिनीवर पावसाळ्यात खारेपणा सहन करणारे कोरगुट भात पिकवायचे, अशी ही रचना. मानशीची करामत पाहण्याजोगी आहे. भरतीला नदीची पातळी आतल्या पाण्यापेक्षा वर चढते आणि बाहेरच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडून जादा पाणी निघून जाते. ना वीज, ना यंत्र. आठवीत द्रवाच्या दाबाचा धडा असतो. तो शिकवताना रबरी नळी आणि काचेचे भांडे दाखवतातच, पण त्याच तत्त्वावर शतकानुशतके चालणारे दार गावाच्या सीमेवर उभे आहे, हे सांगायचे राहून जाते.

या शब्दाभोवती आज जो पेच आहे, तो धोरणाचा अस्सल धडा ठरावा. पूर्वी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, बांधांची देखभाल करीत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि १९७५ च्या नियमांनंतर ही सामूहिक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्याय्यच होते. पण बांधासाठी दर वर्षी एकत्र राबण्याची जुनी शिस्त अनेक ठिकाणी सुटली. मानशीवरील मासेमारीची पावणी होते आणि मासळीच्या लोभाने झडपा अवेळी उघड्या ठेवल्या, तर खारे पाणी शेतात शिरते. बांध फुटून शेत पडीक राहिले की तेथे खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे कठीण होते. म्हणजे ज्या अधिसूचनेने खाजन राखायचे, तिनेच राखलेली खारफुटी खाजनात उभी राहते. यात कोणी एक खलनायक नाही. हक्क, जबाबदारी, लाभ आणि संरक्षण यांची सांगड तुटली की काय होते, याचे हे जिवंत उदाहरण आहे. पर्यावरण धोरण म्हणजे ‘झाडे लावा’ असा फलक नव्हे, हे मुलाला यातून जितके कळेल तितके कोणत्याही निबंधातून कळणार नाही.

सड्याला ‘पडीक’ म्हणणारी नोंद

शब्द चुकला की धोरण चुकते, याचा दुसरा दाखला म्हणजे सडा. जांभ्या दगडाचे हे सपाट पठार उन्हाळ्यात ओसाड, काळपट दिसते. म्हणून सरकारी भाषेत त्याला पडीक म्हणण्याची सवय जडली आणि पडीक जमिनीवर वसाहत, उद्योग, विमानतळ काहीही उभारता येते असे मानले गेले. परंतु जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्याच्या भेगांतून व छिद्रांतून खाली मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडतो आणि उताराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतो. पायथ्याची कुळागरे, विहिरी, देवळांच्या तळ्या यांचे पाणी अशा झऱ्यांचे असते. विज्ञानाच्या भाषेत सडा हे पुनर्भरण क्षेत्र, पाणी धरून ठेवणारा खडक हा जलधर आणि झर हे त्या भूजलाचे निर्गमस्थान.

हे तीन शब्द माहीत असलेला ग्रामस्थ ‘आमच्या सड्यावर प्रकल्प नको’ एवढेच म्हणून थांबणार नाही. ‘या पुनर्भरण क्षेत्रावर काँक्रीट पडल्यास खालच्या अमुक विहिरींची पातळी किती उतरेल, याचा अभ्यास अहवालात कोठे आहे?’ असे तो विचारील. पहिल्या वाक्याला विरोध म्हणून बाजूला सारता येते. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. गोव्यात २००२ पासून भूजल नियमन कायदा आहे. विहीर खोदण्यास, भूजल उपसण्यास परवानगी लागते. मात्र जमिनीखालचे पाणी कोठून येते हेच ठाऊक नसलेल्या समाजात असा कायदा केवळ परवान्यांचा कारभार होऊन बसतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या मांडणीवर काही आक्षेप येतील. पहिला, मुलांना पुढे उच्च शिक्षण इंग्रजीतूनच घ्यायचे आहे. मराठी संज्ञांचे ओझे कशाला? इंग्रजी संज्ञा काढून टाका असे कोणी म्हणत नाही. ती संज्ञा मुलाच्या ओळखीच्या वस्तूला चिकटवा, एवढेच मागणे आहे. दोन शब्द लक्षात ठेवणे हे ओझे नाही. अर्थावाचून एक शब्द लक्षात ठेवणे हे ओझे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विज्ञान व गणितासाठी दर्जेदार द्विभाषिक पुस्तकांची शिफारस आहे. तेव्हा ही मागणी धोरणाच्या चौकटीबाहेरची नाही.

दुसरा आक्षेप असा, की मराठी संज्ञा संस्कृतप्रचुर आणि दुर्बोध असतात. यात तथ्य आहे. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी मोठे काम केले, तरी काही शब्द कोशातच राहिले. म्हणूनच सुरुवात कोशातून न करता गावातून करावी. झर, सडा, पोंय, मानस, पाट, कोंड हे शब्द आधी; जलधर, पुनर्भरण, क्षारता नंतर. ओळखीच्या शब्दाच्या हाताला धरून अनोळखी शब्द आला की तो दुर्बोध राहत नाही.

तिसरा आक्षेप गोव्यात अपरिहार्य आहे: हे शब्द मराठीचे की कोकणीचे? पाण्याच्या बाबतीत तरी हा वाद बाजूला ठेवावा. खाजन, मानस, पोंय हे शब्द या मातीत रुजले आहेत आणि दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी ते जपले आहेत. मराठी पुस्तिकेत ते यावेत, कोकणी पुस्तिकेतही यावेत. वादात वेळ दवडला, तर दोन्ही भाषांतून ते एकदमच नाहीसे होतील.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, सहावी ते आठवीसाठी साठ-सत्तर शब्दांची एक द्विभाषिक जलशब्दावली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण संस्थेने तयार करावी. प्रत्येक शब्दासमोर इंग्रजी संज्ञा, स्थानिक प्रतिशब्द, दोन ओळींची व्याख्या आणि गोव्यातील किंवा लगतच्या परिसरातील एक स्थळ असावे. सांडव्यासमोर साळावली, बंधाऱ्यासमोर खांडेपार नदी, कालव्यासमोर तिळारी, जलविभाजकासमोर कणकुंबी. एवढ्यासाठी नवा विषय नको आणि स्वतंत्र तासिकाही नको. विज्ञान व भूगोलाच्या आहे त्या धड्यांना ही पुस्तिका पूरक ठरेल.

दुसरी, प्रत्येक शाळेने आपल्या गावातील पाण्याच्या जागा आणि त्यांची नावे नोंदवावीत. जैवविविधता कायद्यानुसार पंचायत पातळीवर समित्या आहेत आणि लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आहे. शाळेच्या नोंदी त्या नोंदवहीत समाविष्ट झाल्या, तर मुलांचे काम भिंतीवरच्या तक्त्यापुरते न राहता सार्वजनिक दस्तऐवज बनेल. उद्या एखाद्या प्रकल्प अहवालात ‘परिसरात झरे नाहीत’ असे लिहिले गेले, तर सातवीच्या मुलांनी केलेली नोंद गावाच्या हाती असेल.

तिसरी, प्रश्नपत्रिका बदलावी. ‘भूजल म्हणजे काय?’ या प्रश्नाऐवजी ‘तुमच्या गावातील विहीर मे महिन्यात आटते, तर शेजारच्या वाड्यावरची आटत नाही, याची संभाव्य कारणे लिहा’ असा प्रश्न विचारावा. जे परीक्षेत येते तेच वर्गात शिकवले जाते, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा उपयोग करून घ्यावा.

चौथी गोष्ट सरकारच्या इतर खात्यांची. जलस्रोत खाते, किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि पंचायती यांनी जनसुनावणीचे सारांश मराठी व कोकणीत देताना याच शब्दावलीचा वापर करावा. शाळेत एक शब्द, सूचनाफलकावर दुसरा आणि वर्तमानपत्रात तिसरा असेल तर शिकलेलेही विस्मरणात जाते. हे पथ्य आम्हा वृत्तपत्रांनाही लागू आहे. ‘पाण्याचा प्रश्न पेटला’ असा मथळा देण्यापूर्वी येवा आणि साठा, वापर आणि वळवणे यांत गल्लत होत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आमचीही आहे.

म्हादईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि तेथील युक्तिवाद वकील करतील. निवाड्यानंतर नदीचे काय होते, हे मात्र काठावरच्या लोकांनाच पाहायचे आहे. प्रवाह घटला, क्षारता वाढली, झर आटली, बांध फुटला, ही नोंद सर्वांत आधी करणारे डोळे गावातले असतील. त्या डोळ्यांना जे दिसते ते अचूक शब्दांत सांगता आले, तरच प्राधिकरणाला ते ऐकावे लागेल. त्या शब्दांची तयारी सहावीच्या वर्गात होते आणि येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल तेव्हा तो वर्ग भरलेला असेल.